धुऱ्यावरचा मोगरा

बाबांनी जागा वैशाखात घेतली, आणि तिथंच सगळं बिनसलं. पावसाळ्यात बघायला गेले असते तर चप्पल चिखलात रुतून बसली असती आणि तेवढ्यानं तरी शहाणे झाले असते. पण वैशाखात ती जमीन भाजून टणक झालेली, कडेला एक मोहाचं झाड, पलीकडे गावतलावाची पाळ. बाबांनी टाचेनं ठोकून बघितलं आणि म्हणाले, "जमीन मजबूत आहे." जमिनीला भेगा होत्या, अगदी हात जाईल एवढ्या. त्याबद्दल आईनं विचारलं तर म्हणाले, "उन्हानं होतं तसं." बाबा सिंदेवाहीच्या पुढच्या त्या गावात मिडल स्कूलचे हेडमास्तर होते. त्यांना इतिहास, भूगोल, इंग्रजी सगळं येत असे. फक्त कुणाला काही विचारणं येत नसे. साऱ्या गावाला ठाऊक होतं की गुरुजींनी कन्हार घेतली. इकडे धानाच्या त्या भारी, काळ्या, चिकण मातीला कन्हार म्हणतात. पण हेडमास्तरला आपण होऊन सांगणार कोण? लोक वाटेनं जाताना थांबत, खुंट्या ठोकणाऱ्या बाबांकडे बघत, आणि "चांगलं हाय जी" म्हणून पुढे जात.

आईला त्या जागेत यायचं नव्हतं. ती नागपूरची, महाल भागातली. लग्न झाल्यापासून तिनं बदल्याच बघितल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी भाड्याची दोन खोल्यांची जागा, प्रत्येक ठिकाणी नवी चूल, आणि प्रत्येक ठिकाणी दाराशी तो रॉकेलचा डबा. त्या डब्यात तिच्या वडिलांच्या अंगणातला मोगरा होता. लग्नात पाठवणीच्या वेळी आजोबांनी स्वतः काढून दिलेला. भांडीकुंडी बैलगाडीत मागे येत, पण मोगरा कुणाच्या तरी मांडीवर येई, आणि मला समजायला लागल्यापासून ती मांडी माझी होती. गचके बसले की डब्यातलं गढूळ पाणी माझ्या परकरावर. धानोऱ्याहून आलो तेव्हा तर डब्याच्या फुटक्या काठानं माझी पोटरी कापली आणि आईनं आधी मोगऱ्याची फांदी मोडली का ते बघितलं. मी तेव्हाच ठरवलं होतं की या झाडाशी माझं जमायचं नाही.

घर बांधून होईपर्यंत आई काही बोलली नाही. छपरावर कवेलू चढले, जमीन सारवली, आणि मग तिनं एकच गोष्ट सांगितली. "घर तुमच्या मनासारखं झालं. आता मागे बाग माझ्या मनासारखी करून द्या. इथे फुलं आली तर मी राहीन. नाहीतर बदली मागा आणि हे विकून टाका." बाबांनी लगेच हो म्हटलं. ते नेहमीच लगेच हो म्हणत. आणि मोगरा? "तो डब्यातच राहील," आई म्हणाली. "आधी दुसरं काही जगवून दाखवा."

झालं. बाबांनी नागपूरहून रोपांचं सूचीपत्र मागवलं आणि बागकामाचं एक पुस्तक. ते पुस्तक ज्यानं लिहिलं त्यानं आयुष्यात कन्हार पाहिली नसावी. गुलाब आले, ओल्या गोणपाटात गुंडाळून, नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं. शेवंती आली. डेलियाचे कंद आले. पुस्तकात लिहिलं होतं की माती जड असेल तर वाळू मिसळावी. म्हणून मी आणि बाबा रोज सकाळी शाळेच्या आधी नाल्यावर जाऊन टोपल्यांनी वाळू आणत होतो. महिनाभर. डोक्याला चुंबळ बांधून हेडमास्तरची मुलगी वाळू वाहते आहे, हे बघायला नाल्यावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवत. त्या वाळूचं आणि त्या मातीचं असं काही जमलं की पावसाळा संपल्यावर तिथं कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येत. पावसाळ्यात गुलाबाच्या बुडाशी पाणी साचून राहिलं आणि पानं खालून वर पिवळी होत गेली. शेवंती कुजली. डेलियाचे कंद उकरले तर हाताला नुसतं बुळबुळीत लागलं. उरलेसुरले दोन गुलाब उन्हाळ्यानं नेले. जमीन तडकली तेव्हा तिनं त्यांची मुळंच दोन्हीकडून ओढून तोडली. घागरीनं पाणी घातलं की ते झाडाला न मिळता भेगेतून खाली जाई, कुठं जाई कोण जाणे. त्या भेगांत माझी पेन्सिल गेली, आईचा कालथा गेला, आणि शेजारच्या अनसाबाईचं कोंबडीचं पिल्लू गेलं ते मात्र मी दोन बोटांनी वर काढलं.

माझी सून हल्ली ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये बाग करते आहे. तिथलीही माती काळीच. परवा मला म्हणाली, "आई, चिकण मातीत कुठली झाडं लावावीत, याची मोबाईलवर एक छान यादी मिळाली." मी बघितली. त्यात लॅव्हेंडर होतं. आमच्या घराण्यात लोकांना मातीला सोडून इतर सगळ्यांना विचारायची सवय आहे आणि ती लग्नानं आलेल्यांनाही लागते.

तर अनसाबाई. ती आणि तिचा नवरा लटारूभाऊ आमचे शेजारी. धानाचे शेतकरी, दोघंही उंच, काळेसावळे, आणि दोघांचाही आवाज तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाईल एवढा. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी बाबांनी लटारूभाऊंना बोलावलं. पहिल्यांदाच त्यांनी कुणाची मदत मागितली आणि तीही अशी मागितली की न मागते तर बरं.

"लटारूभाऊ, या जमिनीत पाणी थांबतच नाही. सगळं भेगांतून खाली जातं. पाणी धरून ठेवेल अशी काही व्यवस्था करता येईल?"

लटारूभाऊंनी बाबांकडे असं बघितलं, जणू या माणसाला अखेर अक्कल आली. "येते ना जी! कन्हार हाय, पाणी नाई धरणार तर का करणार? मी करून देतो. थेंब बाहेर नाई जाणार, गुरुजी."

"आणि जमीन भुसभुशीत?"

"लोण्यावानी करतो ना."

एवढंच बोलणं झालं. काय लावायचं आहे हे बाबांनी सांगितलं नाही आणि लटारूभाऊंनी विचारलं नाही. त्यांच्या लेखी विचारण्यासारखं काही नव्हतंच. कन्हारीत पाणी धरायचं म्हणजे काय करायचं, हे त्या गावात सांगावं लागत नसे. त्यांनी आमच्या परसाच्या चारी बाजूंनी माती ओढून गुडघाभर उंच धुरा घातला, पायानं दाबून, फावड्यानं थापटून, कोपरे अगदी नीट वळवून. दोन पाऊस पडून गेल्यावर बैलजोडी आत घातली आणि चिखलणी केली. आमच्या बागेची त्यांनी धानाची बांदी केली होती, म्हणजे पाणी कोंडून ठेवणारं भातखाचर. मनापासून, शेजारधर्म म्हणून, एक पैसा न घेता. बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "बघ नलू, याला म्हणतात मशागत."

आईला ती चिखलणी बघायला मिळाली नाही. आजोबा आजारी असल्याची तार आली होती आणि ती आदल्याच दिवशी नागपूरला गेली होती. जाताना मला दोन गोष्टी सांगून गेली. बाबांच्या भाजीत तिखट कमी घाल, आणि मोगऱ्याला रोज तांब्याभर पाणी. मी पहिली गोष्ट विसरले. दुसरी विसरले असते तर किती बरं झालं असतं.

कारण तिसऱ्या दिवशी मी पाणी घालायला गेले तेव्हा डब्याचा तळ गंजून सुटला होता आणि मुळं खालून बाहेर आली होती. बाबांनी बघितलं. म्हणाले, "आता हा डब्यात राहणार नाही. आणि जमीन तर तयार आहे. तुझी आई येईल तेव्हा जमिनीत लागलेला असेल." मग नेहमीप्रमाणे त्यांचं मन डळमळलं. "तिला विचारायला हवं का? कार्ड टाकू या का?" ते डब्याभोवती फिरत राहिले. आणि इथं मला कबूल करायला हवं, जे मी आई असेपर्यंत केलं नाही. डबा आडवा करून मोगरा ओढून बाहेर मी काढला. मला कंटाळा आला होता. त्या डब्याचा, त्याला मांडीवर घेऊन फिरण्याचा, बाबांच्या 'का' आणि 'की'चा. मी म्हटलं, "विचारायचं कशाला? लावू या." आणि आम्ही तो बांदीच्या बरोबर मधोमध लावला, जिथं माती सगळ्यात मऊ होती.

त्यानंतर पाच दिवस पाऊस थांबला नाही. लटारूभाऊ शब्दाचे पक्के होते. एक थेंब बाहेर गेला नाही. मोगऱ्याच्या खोडाभोवती पाणी घोट्याएवढं झालं, मग त्याहून वर. बाबा पुस्तक काढून बघत आणि म्हणत, "पाणी आवडतं मोगऱ्याला." पानं पिवळी पडली. मग टोकं काळी पडली. सहाव्या दिवशी पोस्टमन आला आणि त्यानं कार्ड दिलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. वाचायच्या आधीच कळलं. आजोबा गेले होते. मामांनी लिहिलं होतं की तेराव्यानंतर आई परत येईल, आणि घर आता पाडून नवं बांधायचं ठरलं आहे, अंगणासकट. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं, मग खिडकीतून मागे बघितलं. मी त्यांचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. वडील गेले, घर जाणार, अंगण जाणार, आणि त्या अंगणातलं जे एक झाड उरलं होतं ते आम्ही दोघांनी पाण्यात बुडवून ठेवलं होतं.

मी पावसात पळत गेले. रोवणीचे दिवस, लटारूभाऊ मांडीपर्यंत चिखलात, हातात धानाच्या रोपांची पेंडी. मी काय सांगितलं ते त्यांना आधी समजेच ना.

"फूल? बांदीत?" ते ओरडले. "बांदीत फूल काऊन लावलं वं?"

"तुम्हीच तर करून दिली ना बांदी!"

"धानासाठी करून देल्ली, पोट्टे! मले का मालूम तुमी त्यात मोगरा बुडवून राह्यले!" त्यांनी पेंडी अनसाबाईकडे फेकली आणि मला मागे टाकून निघाले. आमच्या परसात येऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला, त्यामुळे कपाळही चिखलाचं झालं. बाबा छत्री धरून उभे. "गुरुजी, बांदीत धान, धुऱ्यावर तूर. लेकराले बी मालूम असते हे. ज्याले पाय ओले नाई चालत, त्याले धुऱ्यावर ठेवा लागते. तुमी मले एक डाव तरी विचारलं का, इथं कोणतं झाड लावू म्हणून?"

"तुम्ही तरी कुठे विचारलं?" बाबा म्हणाले.

"कन्हारीत पाणी धरा म्हणते माणूस, त्याले मी का विचारू जी!"

दोघंही बरोबर होते आणि दोघांवरही मला इतकी चीड आली की मीच पाण्यात उतरले. लटारूभाऊंनी आपणच घातलेला सुंदर धुरा एका जागी फोडला आणि पाणी भस्सकन बाहेर गेलं. मोगरा उपटला तर मुळं काळी, आणि त्यांना सडक्या अंड्याचा वास. तो वास मला आजही येतो. त्यांनी विळ्यानं सडलेली मुळं छाटली, वरच्या फांद्याही जवळजवळ सगळ्या छाटल्या, आणि उरला तो वीतभर बुंधा धुऱ्याच्या उंच कोपऱ्यात लावला. "आता जगला तर त्याचं नशीब," म्हणाले, आणि फोडलेला धुरा पुन्हा बुजवून टाकला. "तो काऊन बुजवता?" मी विचारलं. "बांदी रिकामी ठेवत असतेत का?" दुसऱ्या दिवशी अनसाबाईनं आपले उरलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आणून आमच्या बागेत रोवून दिले आणि धुऱ्यावर तुरीचे दाणे टोचले. नको म्हणायचं बाबांना सुचलं नाही.

आई आली ती स्टेशनवरून बैलगाडीनं. डोळे सुजलेले, बांगड्या सैल झालेल्या. पाय धुवायला मागे गेली आणि तिथंच उभी राहिली. समोर हिरवंगार धान.

"हे काय आहे?"

"धान," बाबा म्हणाले.

"मी फुलं म्हटलं होतं." मग तिचं लक्ष आडव्या पडलेल्या डब्याकडे गेलं. "मोगरा कुठे आहे? कोणी काढला?"

"मी," बाबा म्हणाले. लगेच म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी गप्प राहिले.

त्यांनी कोपऱ्यातला बुंधा दाखवला. त्याला एकही पान नव्हतं. आईनं तो डबा उचलला, राखेनं घासला, लटारूभाऊंच्या ओळखीच्या कुणाकडून तळाला नवा पत्रा बसवून आणला, आणि घासून पुसून दाराशी उपडा ठेवला. बाबांना म्हणाली, "बदलीचा अर्ज करा. मिळाली की जाऊ. हा बुंधा जिवंत असला तर डब्यात घालून नेऊ, नसला तर डबा नेऊ." बाबांनी अर्ज केला. त्यानंतर घरात जेवताना ताटं वाजत तेवढाच आवाज. आई दोन वेळ भात आणि अंबाडीची भाजी करी, बाबा ती न बोलता खात, आणि मला प्रत्येक घास गिळताना वाटे की आता सांगावं. सांगितलं नाही. दाराशी येता-जाता तो डबा दिसे, आणि एकदा तर मी त्याला लाथ मारली.

धान मात्र असं आलं की बघत राहावं. कापणीच्या वेळी अनसाबाई आईला हात धरून परसात घेऊन गेली, तुमची बांदी तुमीच कापा म्हणून. आई कापत होती की विळा आपटत होती, सांगणं कठीण. मध्येच तिनं कंबर सरळ केली आणि धुऱ्यावर बसलेल्या लटारूभाऊंना विचारलं, "भाऊ, या मातीत येतं तरी काय?"

मी विळा थांबवला. दोन वर्षांत हा प्रश्न त्या घरातल्या कुणी कुणाला पहिल्यांदा विचारला होता.

"धान येते," लटारूभाऊ म्हणाले.

"ते दिसलं. आणखी?"

"धान निघालं का लाखोरीची डाळ."

"फुलं, भाऊ, फुलं!"

त्यांनी डोकं खाजवलं. फुलांचा विचार त्यांनी कधी केला नसावा. "कर्दळ येईन ना बाई. पाण्यातबी राह्यते, सुकलं तरी मरत नाई. न्हाणीपाशी लावा. अळू लावा. केळ लावा. कण्हेर धुऱ्यावर, जास्वंदबी धुऱ्यावर. गुलाब..." त्यांनी बाबांच्या दिशेनं बघितलं. "गुलाब राहू द्या."

आईनं तेच केलं, त्याच क्रमानं. पण डबा दाराशी होता तिथंच होता. कर्दळीला लाल तुरे आले तेव्हाही होता.

माघात बदलीच्या अर्जाला उत्तर आलं की पुढच्या वर्षी विचार होईल. फाल्गुनात जमीन पुन्हा तडकली. धुरा मात्र तुरीच्या मुळांनी धरून ठेवला होता, त्याला बारीक चिरेपलीकडे काही झालं नाही. बुंध्याला पानं कधी फुटली ते आम्ही तुरीच्या गर्दीत बघितलंच नव्हतं. तूर कापली तेव्हा दिसलं, तीन काटक्या आणि बारीक हिरवी पानं. त्या दिवसापासून आई तिकडे पाणी घेऊन एकटी जाऊ लागली. मला पाठवत नसे. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

वैशाखात एका सकाळी ती ओंजळ झाकून आत आली. घरभर वास. दोन फुलं देवापुढे ठेवली, एक माझ्या वेणीत खोवलं, मग चुलीपुढे पाठमोरी बसली आणि आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. मी जवळ जाऊन बसले. सांगायला तीच वेळ होती. माझं तोंड उघडलंही. पण ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "नलू, लटारूभाऊंकडे पत्रा कापायची कात्री आहे का, विचारून ये."

बाबा संध्याकाळी शाळेतून आले तेव्हा न्हाणीच्या दाराला, खालून जिथं लाकूड कुजलं होतं तिथं, चकचकीत पत्रा ठोकलेला होता. त्यांनी दाराकडे बघितलं, मग उंबऱ्याशी डब्याच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. एवढ्या शिकलेल्या माणसाला काही उमजलं असेल तर शपथ.

"अगं, चांगला डबा होता," ते कळवळून म्हणाले. "फोडलास कशाला? त्यात मी एक गुलाब लावून बघितला असता."

आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"आता डब्यात काही लावायचं नाही," ती म्हणाली. "जे काय लावायचं ते जमिनीत लावा. आणि आधी भाऊंना विचारा."